तुमचा पांढरा भात

वाढलंत तुम्ही आणि निस्तरतेय मी, आत्याबाई. एकोणीस वर्षं झाली तुम्हाला जाऊन, तरी या घरात ताट अजून तुमच्याच हुकुमाने वाढलं जातं. आज सकाळी भाकरी थापता थापता मी सहज विचारलं, पुढल्या सोमवारी पितृपक्षातली दशमी, तुमच्या वाडीला, कावळ्याच्या पानाला, काय काय करायचं. तर तुमचे चिरंजीव माझ्याकडे असे बघायला लागले की जशी मी देवघरात चपला घालून शिरले. “काय काय म्हंजे? आईचं पान असतं तसंच. पांढरा भात, वडे, खीर, वर तूप. आणि कावळा शिवल्याशिवाय माझ्या तोंडात पाण्याशिवाय काय जाणार नाय.” मी म्हटलं, “आणि गोळी?” तर म्हणतात, “गोळी घेईन की. गोळी काय जेवण हाय?” म्हणजे साखरेच्या आजाराची गोळी घेणार, पोट रिकामं ठेवणार आणि केळीच्या पानाकडे बघत अंगणात बसणार. मागल्या साली त्याच अंगणात काय झालं ते अख्ख्या आळीने पाहिलं. माझे हात थांबले आणि तव्यावरची भाकरी करपली. ती पण मीच खाल्ली.

मला लिहायची सवय नाही. चौथीतून शाळा सुटली ती सुटली. लेकीची एक जुनी वही माळ्यावर सापडली, मागची पानं कोरी आहेत. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मला धड लिहिता येत नाही, म्हणजे बरोबरी झाली. पण मी बोलू कोणाशी ते सांगा. हे माझं ऐकत नाहीत, डॉक्टरचं ऐकत नाहीत, लेक फोनवर रडून सांगते तिचंही ऐकत नाहीत. ऐकतात फक्त तुमचं, आणि तुम्ही बोलत नाही.

तुमचं बोलणं मला पहिल्यांदा कधी लागलं, ते तुम्हाला आठवत नसेल. मला आठवतं. माझं माहेर पोलादपूरच्या वर, डोंगरात. तिकडे भाताची खाचरं दोन आणि नाचणी-वरीचे उतार दहा. भात शिजायचा तोही घरी कांडलेल्या तांदळाचा, तांबूस, चावून खायचा. इथे आले तेव्हा आपली भाताची गिरणी नुकती सुरू झालेली. तुम्ही मला पहिल्याच दिवशी दोन डबे दाखवलेत. एकात गिरणीतून दोनदा पॉलिश करून आणलेला तांदूळ, मोगऱ्याच्या कळ्यांसारखा. दुसऱ्यात कणी आणि घरी कांडलेला. “ह्यो पुरुषांचा, ह्यो आपला,” एवढंच म्हणालात. आठ दिवसांनी मी चुकले. पांढऱ्याचा डबा तळाला गेलेला, म्हणून मी आपल्यातला भात करून ह्यांना वाढला. ह्यांच्या हातात घास होता आणि तुम्ही समोरून ताट उचललंत. “गड्याला वाढतात तसा घरधन्याला वाढलास गो? माझ्या लेकाची सोताची गिरणी हाय नि त्याच्या ताटात कोंडा?” तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही हळू बोललात. ओरडलेलं विसरतं माणूस, हळू बोललेलं विसरत नाही. मग भर दुपारी मी गिरणीत जाऊन पायलीभर पांढरा तांदूळ आणला, भात शिजेपर्यंत हे पाटावर बसून राहिले, आणि तेव्हापासून आजपर्यंत मी ह्यांना दुपारी दुसरा भात वाढलेला नाही.

मला वाटायचं, सासू म्हणून तुम्ही मिजास करताय. तुमचे तळहात मी पाहिले ते पुष्कळ नंतर, तुम्हाला ताप भरला होता आणि मी हात चोळत बसले होते तेव्हा. अंगठ्याच्या बुडाशी घट्टे, दगडासारखे. म्हणालात, “मुसळाचे हायत. गेले नाय ते नाय.” पहाटे उठून रोज घरच्या सगळ्यांपुरतं भात कांडायचं, पाखडायचं, पुन्हा कांडायचं, आणि तरी सासरा म्हणायचा, भातात कोंडा आहे, दातांत अडकतो. गिरणी आली त्या दिवशी तुम्ही मुसळ उचलून गोठ्यात नेऊन टाकलंत आणि म्हशीला म्हणालात, “आता तू कांड बाय.” हे तुम्हीच मला हसत हसत सांगितलंत, तापात. तेव्हा मला कळलं, तो पांढरा भात म्हणजे तुमची मिजास नव्हती, तुमची सुटका होती. पण हे मला आत्ता, हे लिहिताना नीट कळतंय. तेव्हा मी नुसती हात चोळत होते आणि माझी कंबर दुखत होती.

आपण दोघी मागून जेवायला बसायचो. अजून दिसतं. पुरुष उठलेत, उष्टी निघालीत, चुलीशी आपण बसलोय. तुमच्या ताटलीत नाचणीची भाकरी, वर कुळथाचं पिठलं, बाजूला टाकळ्याची नाहीतर शेवग्याच्या पाल्याची भाजी, कारळ्याची चटणी. कधी भाकरीच्या पिठात चाळून उरलेला कोंडाच मिसळलेला. भात उरला तर दोन घास. म्हावऱ्याचं डोकं नि शेपूट. मी कुरकुरले की म्हणायचात, “खा गो. बायांना काय, पोट भरल्याशी मतलब.” तुम्ही वाईट ते आपल्याकडे ओढून घेतलंत आणि चांगलं ते लेकाला वाढलंत. कोणती आई वेगळं करते? मीही तेच केलं असतं. आणि बघा काय झालं. तुम्ही ऐंशीला टेकलात, शेवटच्या वर्षीसुद्धा वरंधच्या बाजाराला चालत जाऊन यायचात आणि वर मला म्हणायचात, तू गाडीत बसून दमतेस. तुमच्या लेकाने साठी ओलांडली नाही तोवर पायाच्या अंगठ्याची जखम दोन महिने भरून येईना.

तेव्हा पहिल्यांदा महाडला गेलो. डॉक्टरने रक्त काढलं, पोटावरून मशीन फिरवलं. रक्तात साखर, रक्तात चरबी आणि लिव्हरवर पण चरबी, असं म्हणाले. हे विचारतात, “लिव्हर म्हंजे कलेजी ना? कलेजीवर चरबी? बोकड असतो तर भाव आला असता.” डॉक्टर हसले नाहीत. मी हसले, आणि मग माझाच मला राग आला. मी म्हटलं, डॉक्टर, हे गोड खात नाहीत हो, चहात साखर पण अर्धा चमचा. मला तेव्हा वाटायचं की साखरेचा आजार साखर खाल्ल्याने होतो. भात कुठे गोड असतो?

त्यांनी आम्हाला शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथे आहार सांगणारी एक मुलगी बसते. लेकीच्या वयाची, चष्मा, फटकळ. मला ती पहिल्या झटक्यात आवडली. म्हणाली, “काका, जेवणात फायबर कमी आहे.” हे म्हणाले, “फायबर? आमच्या न्हाणीघराचा दरवाजा हाय फायबरचा. तो खाऊ?” ती म्हणाली, “तो नको. कोंडा. चोथा. साल. तुमची तर गिरणी आहे ना, तांदळाचा कोंडा कुठे जातो?” “म्हशीला.” “आणि म्हैस कशी आहे?” “एकदम ठणठणीत!” हे एवढ्या अभिमानाने बोलले आणि मग त्यांची नजर पायाच्या अंगठ्यावरच्या पट्टीवर गेली. त्या मुलीनेही तिकडेच पाहिलं. आत्याबाई, तुम्ही असता तर तुम्ही पण तिकडेच पाहिलं असतं.

मग तिने सांगितलं ते मी माझ्या डोक्याने असं लावून घेतलं. पेंढ्याला काडी लावली तर भुरकन पेटतो, एकदम जाळ, आणि घटकेत विझतो. ओंडका लावला तर हळू धुमसतो, सकाळचा लावलेला दुपारपर्यंत चालतो. पांढरा भात म्हणजे पेंढा. पोटात गेला की साखर एकदम वर, मग तेवढीच खाली, माणूस परत भुकेला. कोंडा असला, पालेभाजी असली, कडधान्य असलं, की ते ओंडक्यासारखं हळू जळतं आणि रक्ताला झेपतं. आतड्यालाही त्या चोथ्याचं काम असतं, म्हणाली, आणि जाता जाता थोडी चरबीही तो बाहेर ओढून नेतो. जेवताना आधी भाजी, मग डाळ-मासे आणि भात शेवटी, तोही मूठभर कमी. एवढंच. यात न कळण्यासारखं काय आहे? पण ह्यांनी हाताची घडी घातली होती.

मग तेलावर आली. “वडे तळून उरलेलं तेल काय करता काकी?” मी म्हटलं गाळून ठेवते. “मग?” भाजीला वापरते. “आणि ते संपल्यावर?” मी विचार केला आणि खरं सांगितलं, “ते संपत नाही. त्यात मी नवीन ओतते.” तिने पेन खाली ठेवलं. आत्याबाई, आपल्या तेलाच्या किटलीचा तळ मी लग्न झाल्यापासून पाहिलेला नव्हता. तुम्ही ओतत होतात, मग मी ओतत होते. परत परत तापवलेलं तेल आणि वनस्पती तुपाचा तो घट्ट गोळा, ही दोन घरातून आज काढा, असं ती म्हणाली. घरचं तूप चमचाभर चालेल. शेंगदाणे, तीळ, कारळं, बांगडा, नदीचे मासे, यातली चरबी उलट बरी, रक्तवाहिन्यांना मानवते. सगळी चरबी वाईट नाही काका, कोणती आणि किती ते बघायचं. हे सगळं ह्यांनी ऐकलं आणि एसटीत बसल्यावर मला त्यातलं एकच सांगितलं, “म्याडम म्हणाल्या तूप चालतं.”

घरी येऊन मी किटली घासली. राखेने, मग सोड्याने, मग परत राखेने. तळाशी जे बसलं होतं ते मी सुरीने खरवडून काढलं. त्याचा वास अजून नाकात आहे.

मला वाटलं, यांना बदलायला सहा महिने लागतील. तीन वर्षं झाली. नाचणीची भाकरी वाढली तर म्हणाले, “ही बायांची भाकरी.” मग मी शहाणपणा केला. तुम्ही मला नाचणीचं सत्त्व शिकवलं होतंत, लेक अंगावर होती तेव्हा. नाचणी भिजवायची, वाटायची, धोतराच्या फडक्यातून गाळायची, खाली बसतं ते सत्त्व वाळवायचं. तेच केलं. दुधात शिजवून, थोडा गूळ घालून दिलं. आवडलं ह्यांना. दोन वेळा मागून घ्यायचे. माझ्या मनाला बरं वाटलं, नाचणी पोटात जातेय एकदाची. फडक्यात राहिलेला चोथा कोंबड्यांना. तीन महिन्यांची साखर मोजतात आता, आत्याबाई, एक दिवस उपास करून जाऊन फसवता येत नाही. ती मोजली, तर वाढलेली. ती मुलगी कागद बघतच राहिली. काय काय खाता ते सगळं विचारलं. मी छातीठोकपणे सत्त्वाचं सांगितलं. ती म्हणाली, “आणि चोथा?” मी म्हटलं, “कोंबड्यांना.” तिने कपाळाला हात लावला. “काकी, तुमच्या घरात म्हैस ठणठणीत, कोंबड्या ठणठणीत, आणि काका आजारी.” मी हसले नाही. मला तिथे इतकं दमल्यासारखं झालं की खुर्चीतून उठवेना. चार दिवस खपायचं, हात दुखेपर्यंत वाटायचं, आणि त्यातलं कामाचं ते नेमकं आपल्या हाताने कोंबड्यांपुढे टाकायचं. पण नावच बघा ना. एकाचं नाव सत्त्व आणि दुसऱ्याचं चोथा. नाव ऐकून कोण चोथा खाईल?

तिला मी तुमच्याबद्दलही सांगितलं. म्हटलं, माझी सासू तो चोथाच खायची. ती म्हणाली, नुसत्या त्यानेच नाही काकी, त्या दिवसभर उभ्या होत्या, चालत होत्या, काका गिरणीत स्टुलावर बसून असतात. आणि काही जणांना घराण्यातूनच येतं. खरं असेल. सगळं तुमच्या माथी मारण्यात अर्थ नाही, हे मला कळतं. पण मारायला दुसरं कोणाचं माथं आहे? माझंच आहे, आणि ते दुखतं.

मग मी चोरून करायला लागले. एकदाच पॉलिश केलेला तांदूळ पांढऱ्यात मिसळायचा, पहिल्या आठवड्यात एक मूठ, दुसऱ्या आठवड्यात दोन, असा बेत. पण गिरणीवाल्याला फसवायला निघाले मी! पहिल्याच दिवशी ह्यांनी शीत दोन बोटांत धरलं, उजेडाकडे केलं आणि म्हणाले, “एक पॉलिश कमी हाय.” भांडण झालं. भांडण करून ठरलं ते असं, की रात्री एका पॉलिशचा भात नाहीतर भाकरी, दुपारी पांढरा. म्हणजे दोन डबे, दोन पातेली, दोन तेलं. तुम्ही दाखवलेले दोन डबे माझ्या नशिबातून काही सुटत नाहीत. तरी तेवढ्यानेही फरक पडला. अंगठा भरून आला. साखर उतरली, थोडी, पण उतरली. चरबीचा आकडा पण हलला. दवाखान्यात हे असे छाती काढून बसले की जशी नाचणी ह्यांनीच दळली.

आणि मग मागल्या सालची दशमी.

सकाळी ह्यांनी आंघोळ केली, गोळी घेतली आणि काही न खाता बसले. मी सांगितलं, डॉक्टरने बजावलंय, ही गोळी रिकाम्या पोटी नाही. “आईचा दिवस हाय,” म्हणाले. मी स्वयंपाकाला लागले. वडे, खीर, पांढरा भात, सगळं तुमच्या पद्धतीचं. तेल मात्र नवीन होतं. बारा वाजता पान मांडलं आणि अंगणात वाडी ठेवली. कावळा नाही. पूर्वी तुमच्या सासऱ्याच्या वाडीला कावळे भांडायचे, तुम्ही दगड घेऊन बसायचात. आता आंब्यावर एक नाही. एक वाजला. हे “काव काव” करून दमले. दीड वाजता मी बघते तर ह्यांचा सदरा पाठीला चिकटलेला. ऊन नव्हतं, आभाळ होतं. हात थरथरत होते. मी म्हटलं, काय होतंय? तर मला म्हणाले, “गिरणीचा पट्टा सुटलाय, बंद कर.” गिरणी कुठे आणि आम्ही कुठे. मग बसल्या जागी कलंडले.

त्या मुलीने मला सांगून ठेवलं होतं. काकी, साखर वाढते तशी पडते पण. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं, की आधी साखर द्या, बाकी सगळं मग. मी वाटीत साखर घेतली, पाणी घातलं, धावत आले. तोवर शेजारची काकी कुंपणातून आत. “अगो, साखरवाल्याला साखर पाजतेस? मारशील त्याला!” मी म्हटलं, “सर बाजूला.” ह्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि वाटी ओठाला लावली. तर ह्यांनी दात घट्ट मिटले. एवढ्या बेशुद्धीत तुमच्या लेकाने मान हलवली. शुद्ध जात होती, पण एवढं कळत होतं की आई अजून जेवलेली नाही.

आत्याबाई, तेव्हा मी ओरडले, “शिवला! कावळा शिवला! बघा, शिवला!”

आणि ह्यांनी तोंड उघडलं.

कावळा शिवला नव्हता. पानाला कोणी हात लावला नव्हता. शेजारच्या काकीने माझ्याकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून उभी राहिली. वाटी संपली, तसं मी ते पान उचलून ह्यांच्या नजरेआड केलं. थोड्या वेळाने हे उठून बसले आणि पहिलं काय विचारलं असेल? “आधी काय घेतलंन? भात का वडा?” मी म्हटलं, “भात.” केवढं समाधान वाटलं ह्यांना. मग मागल्या दाराने जाऊन मी ते पान शेजाऱ्यांच्या गाईला घातलं.

हे आजपर्यंत मी ह्यांना सांगितलेलं नाही. शेजारच्या काकीनेही नाही, ती तशी भली आहे. महाडला डॉक्टर जोरात रागावले. म्हणाले, परत असं केलंत तर मला दाखवायला येऊ नका. त्या दिवशी आहारवाल्या मुलीला मी बाहेर गाठलं आणि विचारलं, पक्षाच्या दिवशी काय करू? ती बिचारी काय सांगणार. म्हणाली, “काकी, गोळी आणि जेवण एकत्र. बाकी तुमच्या सासूबाईंना विचारा.” ती थट्टेने बोलली. मी मात्र तेव्हापासून विचारतेय.

आज सकाळी भाकरी करपल्यावर मी ह्यांना म्हटलं, या साली आधी जेवा, मग वाडी ठेवू. नाचणीची भाकरी, भाजी, उसळ, गोळी, आणि मग बसा कावळ्याची वाट बघत संध्याकाळपर्यंत. तर ह्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे टिपले. एवढा थोराड पुरुष. “आईला उपाशी ठेवून मी खाऊ? तुला काय वाटतं गो, मला हौस हाय?” मी भांडी घेऊन मोरीवर गेले. उत्तर मला तिथे भांडी घासताना सुचलं. मला उत्तरं नेहमी भांडी घासतानाच सुचतात.

उत्तर असं, की तुम्ही जिवंत असताना एक दिवस तरी लेकाच्या आधी जेवलात का? एक दिवस सांगा. तो गिरणीतून यायला तीन वाजोत, तुम्ही ताटावर ताट झाकून उंबऱ्यात बसून राहायचात. मी म्हणायचे, आत्याबाई, जेवून घ्या. म्हणायचात, “तो येऊ दे. तो जेवल्याबिगर मला घास नाय गिळवत.” चाळीस वर्षं मागून जेवलात. मग मेल्यावर कसल्या पहिल्या पंगतीला बसता? हा नियम कोणाचा? तुमचा नाही. तुमचा नियम मला पाठ आहे. तुमच्या लेकाला नाही, कारण तो पुढे बसून जेवत होता, मागे कोण कधी जेवतं ते त्याने कधी पाहिलंच नाही. ते फक्त मी पाहिलंय.

आणि पांढऱ्या भाताचं म्हणाल, तर तो तुम्हाला आवडायचा का, हेही मला माहीत नाही. तुमच्या ताटलीत दोन घासांच्या वर तो मी कधी पाहिला नाही. माझ्या बाळंतपणात मात्र तुम्ही सव्वा महिना मला पांढरा भात आणि तूप वाढलंत, जवळ बसून. “खा, आता तू पण घरधनी,” म्हणालात. सव्वा महिना झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ताटात परत भाकरी. मला राग आला होता. आज तुम्ही समोर असतात तर मी तुम्हाला विचारलं असतं, तुम्हाला कधी कोणी वाढला का असा? जवळ बसून? मला वाटतं, नाही. म्हणून तुमच्या वाडीवर पांढरा भात मी करीन. तूप पण घालीन, घरचं. तुमचं पान तुमच्यासारखंच होईल, त्यात मी काही कमी करणार नाही. तुम्हाला आता कसली साखर आणि कसली चरबी. पण ह्यांचं ताट ह्यांचं. ते तुमच्या आधी, सकाळी आठ वाजता, गोळीबरोबर.

एवढंच तुमच्याकडून पाहिजे. “आधी जेव रे.” तीन शब्द. तुम्ही म्हणालात तर हे ऐकतील, मी म्हटलं तर मी सासूचा दिवस मोडणारी. हे कागद मी कोणाला दाखवणार नाही. वही परत माळ्यावर जाईल, आणि ज्यांनी वाचायला पाहिजे ते चष्मा लावून मोबाइल बघत ओटीवर बसलेत. म्हणून तुम्हीच काय ते करा. माझ्या स्वप्नात येऊ नका, माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. त्यांच्या स्वप्नात जा. कावळा पाठवायचा तर सकाळी आठच्या आत पाठवा. कसंही करा.

एक कबूल करते. काल हे गिरणीत गेल्यावर मी मधल्या घरात एकटी उभी राहून तुमच्या आवाजात बोलून बघितलं. हळू, तुम्ही बोलायचात तसं. “आधी जेव रे, मी थांबते.” चांगलं जमलं. माझं मलाच उंबऱ्याकडे बघावंसं वाटलं.

तेव्हा रविवारी दिवेलागणीपर्यंत मी तुमची वाट बघते. तोवर तुम्ही ह्यांना काही बोलला नाहीत, तर सोमवारी सकाळी मी सांगणार की तुम्ही माझ्या स्वप्नात आला होता आणि असं असं म्हणालात, आणि ते मी तुमच्याच आवाजात म्हणून दाखवीन. एकदा कावळ्याच्या नावाने खोटं बोलले, आता तुमच्या नावाने बोलेन. चालणार नसेल तर रविवारच्या आत येऊन सांगा.